स्वयंसेवकांनी चालवलेल्या ओपन सोर्स प्रकल्पाने देणगी कुठे घ्यावी आणि खर्चाचे निर्णय कोणी घ्यावेत?

तुमची परिस्थिती अशी दिसते: सात स्वयंसेवक, संस्था म्हणून कुठेही नोंदणी नाही, आणि तुमची लायब्ररी (इतरांना आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडता येणारा तयार कोड) वापरणारी एक कंपनी वर्षाला १०,००० डॉलर द्यायला तयार आहे. पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे, आपापसांत वाटायचे का, आणि मतभेद झाले तर शेवटचा शब्द कोणाचा, असं तुम्ही विचारलंय. मी हा क्रम उलटा करेन. शेवटचा शब्द कोणाचा हे आधी लिहून काढा, मग कंपनीला खातं कळवा. पैसे हातात आल्यावर नियम लिहायला बसलं की प्रत्येक कलम कोणाच्या तरी सोयीचं वाटायला लागतं आणि चर्चा नियमांवरून माणसांवर घसरते.

पण खात्याचा मुद्दा चटकन संपणारा आहे, म्हणून तो आधी उरकतो.

कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यात पैसे घेऊ नका, माणूस कितीही सचोटीचा असला तरी. ती रक्कम त्याचं उत्पन्न धरली जाऊन त्यावर कर बसू शकतो. त्याचं खातं गोठलं, तो आजारी पडला किंवा भांडून निघून गेला की प्रकल्पाचे पैसे अडकले. दुसरं टोक म्हणजे स्वतःची संस्था काढणं: घटना, विश्वस्त, वार्षिक हिशेब, कर विवरणपत्रं. कोड लिहायला आलेली माणसं हे दोन वर्षं उत्साहाने करतात, तिसऱ्या वर्षी विवरणपत्र राहून जातं. शिवाय मान्यता मिळेलच असंही नाही. शॉटवेल हे फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या योर्बा या अमेरिकन संस्थेचा करसवलतीचा अर्ज चार वर्षांहून जास्त काळ रखडला आणि २०१४ मध्ये फेटाळला गेला.

मधला रस्ता म्हणजे पालक संस्था, म्हणजे फिस्कल स्पॉन्सर. ती तुमच्या वतीने पैसे घेते, तुमच्या नावाचा वेगळा हिशेब ठेवते, कंपनीला बिल देते, करारांवर सह्या करते आणि बदल्यात टक्केवारी कापते. डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचे पैसे सांभाळणारी सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ५ टक्के घेते. ओपन सोर्स कलेक्टिव्ह आणि सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी यांचा दर १० टक्के आहे. कॉन्झर्व्हन्सी प्रकल्प पारखून घेते आणि प्रवेशाला वेळ लागतो, पण ट्रेडमार्क आणि परवान्याच्या भानगडीत पाठीशी उभी राहते. ओपन सोर्स कलेक्टिव्हमध्ये प्रवेश लवकर मिळतो, आणि जमाखर्च ओळीओळीने सगळ्या जगाला दिसतो. तुमच्या आकाराच्या प्रकल्पाला मी हीच सुचवेन. १०,००० मधले १,००० गेले तर वाईट वाटून घेऊ नका, तेवढ्यात कोणी पूर्ण वर्षाचा हिशेब लिहून देणार नाही. सही करण्याआधी दोनच गोष्टी नीट वाचा: बाहेर पडायचं ठरलं तर शिल्लक रक्कम आणि नाव दुसऱ्या ना-नफा संस्थेकडे नेता येतं का, आणि तुमच्या बाजूने खर्च मंजूर करायचा अधिकार करारात कोणाकडे आहे. तिथे एकाचंच नाव असेल तर दुसरं घालून घ्या.

आता खरा विषय. नियमांची फाइल एका पानाची असावी आणि रिपॉझिटरीतच, म्हणजे कोड ठेवायच्या सामायिक जागेतच असावी, म्हणजे तिच्यातला बदलही कोडसारखाच सगळ्यांसमोर होतो. मसुदा साधारण असा चालेल:

«मतदार म्हणजे खालच्या यादीतले मेंटेनर (कोड सांभाळणारे, बदल स्वीकारायचा अधिकार असलेले). नेहमीचे बदल: एका दुसऱ्या मेंटेनरची संमती पुरे. सार्वजनिक एपीआय (इतर प्रोग्रॅम लायब्ररी ज्यातून वापरतात तो भाग) मोडणारे बदल, नवा मेंटेनर आणि ५०० डॉलरवरचा खर्च: प्रस्ताव लेखी मांडायचा, ७२ तास थांबायचं, आक्षेप नसेल तर मंजूर. आक्षेप कारणासह हवा. एकमत झालं नाही तर सात दिवसांचं मतदान, निम्म्याहून जास्त मतदारांचा सहभाग, साधं बहुमत. परवाना, नाव किंवा ही फाइल बदलायला दोन तृतीयांश. ज्याला त्या निर्णयातून पैसे मिळणार आहेत त्याने मत द्यायचं नाही. बारा महिने काहीच हालचाल नसेल तर मेंटेनर माजी यादीत जातो, त्याचे अधिकार काढले जातात, मागितले की परत मिळतात.»

७२ तासांची पद्धत अपाची या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांमध्ये मुरलेली आहे. वेगवेगळ्या टाइमझोनमधल्या, नोकरी सांभाळून काम करणाऱ्या लोकांना निदान एकदा तरी प्रस्ताव डोळ्यांखालून घालता यावा, एवढाच तिचा हेतू. शेवटचं कलम कठोर वाटतं, पण ते गाळू नका. गेलेली माणसं यादीत राहिली की मतदानाला कोरम भरत नाही, आणि त्यांची विसरलेली खाती हल्लेखोरांच्या कामाची असतात.

एका कंपनीची माणसं वाढत गेली तर काय, याचीही सोय आत्ताच करा, ती माणसं यायच्या आधी. २०१८ मध्ये खीडो व्हान रॉसम हे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक तिच्या प्रमुखपदावरून बाजूला झाल्यावर पाच जणांचं निवडून दिलेलं मंडळ आलं. त्यात एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य चालत नाहीत. सात जणांच्या गटालाही हे कलम जसंच्या तसं लागू पडतं.

नियमांपेक्षाही जास्त भांडणं किल्ल्यांवरून, म्हणजे खात्यांच्या ताब्यावरून होतात. डोमेनची (संकेतस्थळाच्या नावाची) नोंदणी, डीएनएस (ते नाव सर्व्हरशी जोडणारी व्यवस्था), रिपॉझिटरीचं मालक खातं, पॅकेज प्रकाशित करायचा अधिकार, रिलीजवर (प्रकाशित आवृत्तीवर) डिजिटल सही करायची किल्ली, समाजमाध्यमांवरची खाती: यांची यादी काढा आणि प्रत्येकासमोर किमान दोन नावं लिहा, तीन असतील तर उत्तम. सगळ्यांना द्विस्तरीय पडताळणी सक्तीची. डोमेन आणि ट्रेडमार्क पालक संस्थेच्या नावावर करा, मेंटेनरच्या नको. कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या हडसन या सॉफ्टवेअरच्या लोकांकडे सगळा कोड होता, पण नावावर ओरॅकलने हक्क सांगितला. शेवटी २०११ मध्ये मतदान घेऊन त्यांना जेन्किन्स हे नवं नाव घ्यावं लागलं.

नवा मेंटेनर घेताना मात्र घाई नको. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट सापडली. ती घुसवणाऱ्याने दोनेक वर्षं चांगले पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) पाठवून विश्वास मिळवला होता, आणि त्याच काळात इतर खात्यांवरून थकलेल्या एकट्या मेंटेनरवर «दुसऱ्याला अधिकार द्या» असा दबाव येत होता. म्हणून कोड तपासायचा अधिकार आणि रिलीज काढायचा अधिकार वेगवेगळे ठेवा. पहिला उदारपणे द्या, दुसरा सावकाश.

राहिला खर्च. सात जणांत सारखे वाटून घ्यायची कल्पना न्याय्य वाटते, पण तसं करू नका. वर्षाला माणशी १,२००-१,३०० डॉलर म्हणजे पगार नव्हे, पण «मी जास्त काम केलं» म्हणायला पुरेसे. फक्त दोघांना द्यायचे म्हटलं तर आणखी बिनसतं. २००६ मध्ये डेबियनमध्ये दोन रिलीज व्यवस्थापकांना महिना-महिना पूर्णवेळ काम करता यावं म्हणून पैसे उभे केले, तर काही स्वयंसेवकांनी नाराजीने हात आखडता घेतला. डिसेंबरला यायची आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये आली.

पैसे तिथे घाला जिथे स्वयंसेवक हात लावत नाहीत: डोमेन आणि सर्व्हर, चाचण्यांची यंत्रं, साइनिंग सर्टिफिकेट (सॉफ्टवेअर खरोखर तुमचंच आहे हे सिद्ध करणारं डिजिटल प्रमाणपत्र), मार्गदर्शिका, जुन्या बगांची छाननी, वर्षातून एकदा भेटण्यासाठी प्रवास. कंत्राटी काम द्यायचं तर व्याप्ती लेखी, रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली, आणि तपासणारा मेंटेनर बिनपगारी. पैसे कोड मर्ज झाल्यावर (मुख्य कोडमध्ये सामील झाल्यावर) द्यायचे असं ठेवू नका. तसं केलं की «माझं बिल अडलंय» हा दबाव तपासणाऱ्यावर येतो आणि कच्चा कोड आत जातो. काम ठरल्याप्रमाणे झालं आणि परीक्षणातल्या शंकांना उत्तरं दिली, की पैसे मोकळे. मर्ज करायचं की नाही ते मेंटेनर वेगळं ठरवतील.

प्रत्येक खर्चाला पावती, मागणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा. ५० डॉलरच्या सर्व्हर बिलालाही हेच. हेतूबद्ध देणगी सांभाळून घ्या: «फक्त अमुक फीचरसाठी» म्हणून आलेले पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत, आणि ते फीचर कोणालाच नको असेल तर पैसे परत करायची वेळ येते.

कंपनीला पत्रात स्पष्ट लिहा: संकेतस्थळावर लोगो आणि वर्षातून एक हिशेब-अहवाल मिळेल. मत, बग दुरुस्तीत अग्रक्रम किंवा रोडमॅपवर हक्क मिळणार नाही. अग्रक्रम हवाच असेल तर ते सपोर्टचं कंत्राट झालं, ते एखाद्या मेंटेनरने आपल्या नावाने वेगळं घ्यावं.

सोबत किरकोळ देणग्यांचं बटण लावायचं तर लावा, पण त्यावर विसंबू नका. कार्डाचं शुल्क साधारण ३ टक्के अधिक ३० सेंट धरलं तर २ डॉलरच्या देणगीतले ३६ सेंट वाटेतच जातात, पालक संस्थेची टक्केवारी आणखी वेगळी. वार्षिक २५ डॉलर मागणं जास्त शहाणपणाचं. आणि लोक आपणहून देतील हा भरवसाही धरू नका: २०१४ मध्ये हार्टब्लीड ही गंभीर सुरक्षा-त्रुटी उघड होण्यापूर्वी अर्ध्या इंटरनेटचा भार वाहणाऱ्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीला वर्षाला २,००० डॉलरच्या आसपासच थेट देणग्या येत होत्या.

पहिल्या वर्षी हातात ९,००० येतील. सर्व्हर, डोमेन, सर्टिफिकेट अशा बांधील खर्चाची वर्षभराची रक्कम आधी बाजूला काढा आणि तिला हात लावू नका. कंपनीत तुमची बाजू मांडणारा माणूस नोकरी बदलतो, पुढच्या वर्षी अंदाजपत्रकातून तुमची ओळ गळते, आणि ते तुम्हाला कोणी कळवतही नाही. म्हणून या देणगीच्या जोरावर कोणालाही मासिक मानधन सुरू करू नका. दुसरा देणगीदार मिळेपर्यंत एकेका वेळचीच कामं द्या.