रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ मोटारसायकलला ऑनलाइन मिळणारा 'युनिव्हर्सल' स्टीअरिंग डॅम्पर (हँडलचे झटके आवरणारं साधन) बसवावा का, आणि त्याचं ब्रॅकेट बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत करून घेतलं तर चालेल का?

बसवा, पण आत्ता लगेच नको. आधी टॉप बॉक्स उतरवा आणि कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, तपासून घ्या.

तुम्ही एकाच दमात दोन तक्रारी लिहिल्यात आणि त्या वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे काकती सोडून हायवेला लागल्यावर सत्तरच्या आसपास थ्रॉटल सोडला की हँडल थरथरतं, आणि मागे टॉप बॉक्स भरलेला असला की जास्तच. दुसरी म्हणजे खानापूरकडच्या आतल्या रस्त्यांना ट्रॅक्टरच्या चाकोरीत किंवा सुट्या दगडावर पुढचं चाक गेलं की हँडल हिसका देतं. डॅम्पर खरा कामाला येतो तो दुसऱ्या तक्रारीला. पहिलीसाठी तो लावणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. थरथर कदाचित थांबेल, पण ज्यामुळे ती होते ते तसंच राहील आणि वाढत जाईल, फक्त तुम्हाला कळायचं बंद होईल.

मी उद्यमबागेत मशीनिंगच्या कामात आहे आणि माझ्या स्वतःच्या ४११ ला डॅम्पर आहे, त्यामुळे तुमच्या ब्रॅकेटच्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो. पण क्रमाने.

डॅम्पर काय करतो ते आधी बघा. ऑफिसच्या दाराला वर क्लोजर असतो ना, दार हळू ढकललं तर सहज उघडतं आणि धाडकन ढकललं तर अडतं, तोच हिशेब. आत तेल असतं, ते बारीक छिद्रातून जातं, आणि हँडल जितक्या वेगाने फिरेल तितका विरोध वाढतो. हँडल मध्यावर आणून धरण्याचं काम तो करत नाही. ते काम चाक आणि ट्रेल करतात, म्हणजे पुढच्या फोर्कची जी भूमिती असते ती. तेव्हा गाडी सरळ चालत नाही म्हणून डॅम्पर लावायचा असेल तर पैसे वाचवा.

आता थरथर. १९७१ साली रॉबिन शार्प या ब्रिटिश संशोधकाने मोटारसायकलच्या हालचालीचं गणित मांडलं. त्यात दोन प्रकारचे झोके स्पष्ट वेगळे काढलेत. एक वॉबल, म्हणजे फक्त पुढचं चाक आणि हँडल सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा फडफडतं. दुसरा वीव्ह, म्हणजे अख्खी गाडी मागच्या बाजूने सेकंदाला दोन-चार वेळा डोलते, बहुतेक वेळा जास्त वेगात. डॅम्परने वॉबल दबतो, पण वीव्ह बिघडू शकतो. हे फार कमी लोक सांगतात. टॉप बॉक्स भरून, डॅम्पर घट्ट करून तवंदी घाटाच्या उतारावर वाऱ्यात शंभरने गेलात आणि गाडी मागून डोलायला लागली, तर त्यात तो डॅम्परही भागीदार असेल.

तुमचं लक्षण वॉबलचं आहे. मग या गोष्टी बघा. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनखाली जॅक नाहीतर लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक उचला. शॉकपची (पुढच्या फोर्कची) खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. खट्ट असं जाणवलं तर कोनसेट ढिला आहे. मग हँडल एका बोटाने अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध आल्यावर क्षणभर अडकल्यासारखं झालं तर रेसमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या कड्यात, खाच पडली आहे. आपण बहुतेक वेळ सरळच जातो, खड्ड्यांचे सगळे दणके बेअरिंगच्या त्याच जागेवर बसतात, म्हणून खाच नेमकी मध्यावर पडते. ही खाच नट आवळून जात नाही, सेट बदलावा लागतो. उलट नट जास्त आवळला तर हळू वेगात गाडी दारू प्याल्यासारखी नागमोडी जाते, तेही बरेच मेकॅनिक करून ठेवतात.

चाक उचललेलं आहेच तर ते फिरवूनही बघा. स्पोकच्या रिमला आऊट आलं असेल, म्हणजे ती वाकडी फिरत असेल, तर शॉकपजवळ पेन धरल्यावर लगेच दिसतं. टायरच्या गुड्या, म्हणजे वरचे उंच ठोकळे, एका बाजूने झिजून करवतीसारख्या झाल्या असतील तर हातानेच कळतं. पुढचा २१ इंची टायर असा झिजला की साठ-सत्तरच्या पट्ट्यात थ्रॉटल सोडल्यावर हँडल हलणं अगदी नेहमीचं आहे. हवेचं प्रेशर पुस्तकाप्रमाणे ठेवा, पेट्रोल पंपावरच्या मुलाच्या अंदाजाप्रमाणे नको.

आणि तो टॉप बॉक्स. मागच्या चाकाच्याही मागे आणि उंचावर वजन ठेवलं की पुढचं चाक हलकं होतं, मागची बाजू बसते. जड सामान खाली, सीटच्या जवळ बांधा, मोनोशॉकचा (मागच्या शॉकपचा) प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा दाब, वाढवा, बॉक्समध्ये रेनकोट आणि कपडे एवढंच ठेवा. एकदा बॉक्स काढून त्याच रस्त्याला त्याच वेगात जाऊन बघा. पण थरथर येते का हे बघायला हँडलवरचे हात सोडू नका. आणि चालत्या गाडीत ती सुरू झालीच तर हँडल आवळून धरू नका, पुढचा ब्रेक दाबू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, अंग थोडं पुढे घ्या, थ्रॉटल हळूहळू कमी करा.

एवढं सगळं ठीक करूनही दुसरी तक्रार राहणारच, कारण ती रस्त्याची आहे. जांबोटीहून कणकुंबी-चोर्ल्याला जाताना मुख्य रस्ता सोडून आत शिरलात की तांबडी माती, उघडा जांभा आणि उसाच्या किंवा लाकडाच्या गाड्यांनी पाडलेली चाकोरी. तिथे चाक काठावर चढताना हँडल झटक्यात फिरतं आणि दिवसभर ते आवरून मनगटं भरून येतात. अशा ठिकाणी डॅम्पर म्हणजे सुख आहे. तुमचं फिरणं महिन्यातून एकदा हायवेने कोल्हापूर आणि एखाद्या वेळी डांबरी रस्त्याने आंबोली एवढंच असेल, तर खरं सांगतो, लागत नाही.

लावायचाच ठरला तर दोन जाती आहेत. लिनियर, म्हणजे दांड्याचा सिलिंडर, एक टोक शॉकपच्या पाईपला आणि दुसरं फ्रेमला. रोटरी, म्हणजे हँडलच्या मधोमध बसणारा डबा, त्याची दांडी फ्रेमवर उभ्या केलेल्या एका पिनमध्ये अडकते. चांगल्या रोटरीत हळू हालचालीचा आणि जोराच्या झटक्याचा विरोध वेगवेगळा लावता येतो, आणि काहींत हँडल मध्याकडे परत येताना विरोध नसतो. चिखल-दगडाच्या कामाला मी रोटरीच सांगेन. अडचण दोनच. किंमत बेअरिंग सेटच्या कितीतरी पट, आणि तुमच्या मॉडेलची तयार किट मिळाली नाही तर पिनचा टॉवर, म्हणजे ती पिन धरणारा उभा भाग, बनवून घ्यावा लागतो. तुम्ही ज्याबद्दल विचारलंय तो ऑनलाइन मिळणारा 'युनिव्हर्सल' लिनियर स्वस्त आहे, आणि त्याची खरी परीक्षा ब्रॅकेटमध्ये आहे.

इथे थोडं गणित करू, कारण लोक नेमके इथेच फसतात. स्टीअरिंगच्या मध्य अक्षापासून दांड्याचं टोक किती लांब, यावर सगळं ठरतं. ते अंतर ५० मिमी धरा. हँडल दोन्ही बाजूंना ४० अंश फिरत असेल तर दांड्याला साधारण ६४ मिमी प्रवास लागतो. अंतर ७० मिमी केलं तर ९० मिमी. म्हणजे ६३ मिमी स्ट्रोकचा डॅम्पर पहिल्या जागीसुद्धा पुरत नाही, टोकाला जाऊन आपटणार. डॅम्पर हा कधीही हँडलचा स्टॉपर होता कामा नये. फ्रेमवरचा मूळ स्टॉपर आधी टेकला पाहिजे आणि त्यानंतरही दांड्यात दोन्ही बाजूंना काही मिलिमीटर शिल्लक हवेत. घाटातल्या वळणावर यू-टर्न घेताना हँडल अर्ध्यात अडकलं तर काय होईल ते सांगायला नको.

दुसरं म्हणजे जोर. अंतर वाढलं की दांड्याचा वेगही वाढतो आणि तरफही वाढते, त्यामुळे विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. ५० चे ७० केलेत तर डॅम्पर तोच, क्लिक (विरोध कमी-जास्त करायच्या खटक्याचे टप्पे) तेच, पण हँडलला जाणवणारा विरोध जवळजवळ दुप्पट. एखाद्याने 'माझ्या गाडीला आठ क्लिक ठेवलेत' म्हटलं तर त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही, हे यामुळेच.

तिसरं म्हणजे प्ले, सांध्यातली ढिलाई. ५० मिमी अंतरावर हँडल एक अंश फिरलं तर दांडा एक मिमीसुद्धा हलत नाही, ०.८७ मिमी हलतो. थरथरीची सुरुवात एवढ्याच हालचालीत होते. रॉड एंडमध्ये (दांड्याच्या टोकाच्या सांध्यात) अर्धा मिमी प्ले असेल किंवा ब्रॅकेट तेवढं लवत असेल, तर डॅम्परला कळायच्या आत निम्मं काम झालेलं असतं. म्हणून टाकीच्या बाजूच्या गार्डच्या पाईपला दुसरं टोक बांधू नका, मोह होतो कारण जागा सोयीची आहे. तो पाईप लवतो. फ्रेमच्या जाड नळीला क्लँप करा.

उद्यमबागेत हे होईल का? आरामात होईल, आपल्याकडे याहून अवघड कामं रोज होतात. पण लेथवाल्याला नुसतं 'क्लँप करून दे' म्हणू नका. मटेरियल ६०६१-टी६ किंवा ६०८२ या ग्रेडचं ॲल्युमिनियम सांगा, भंगारातला कुठलाही ॲल्युमिनियमचा तुकडा नको. शॉकपचा पाईप ४१ मिमीचा आहे, तरी तुमच्याच पाईपला मायक्रोमीटर लावून त्या मापाने बोअर करा, दोन भागांत फाट ठेवा, आतल्या कडा मोडून घ्या. बोअर मोठा झाला आणि बोल्टच्या जोरावर तो बसवला तर पाईप दबतो. एम-६ बोल्टला ८ ते १० न्यूटन मीटर बास, निळा लॉकटाइट (बोल्ट सुटू न देणारा गोंद) लावून. क्लँप दोन टी-प्लेटांच्या (फोर्कचे दोन्ही पाईप वर धरणाऱ्या पट्ट्यांच्या) मधल्या भागातच, सील जिथे सरकतं तिथे कधीही नाही. आणि स्टीअरिंगच्या गळ्यावर वेल्डिंग नको. टॉवर असो की ब्रॅकेट, बोल्टने बसेल आणि बोल्टने निघेल असंच करा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करतं. बोल्टवर लावलेल्या डॅम्परने आरसीतलं काही बदलत नाही, पण फ्रेमची कापाकापी ही वेगळी गोष्ट आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस ती आधी बघतो.

बेळगावात हायड्रॉलिक सिलिंडर करणारे इतके आहेत की डॅम्परच इथे करून घेऊ, असंही कुणीतरी तुम्हाला सुचवेल. नको. साध्या सिलिंडरला दांडा एकाच बाजूने असतो, त्यामुळे पिस्टनच्या दोन बाजूंचं क्षेत्रफळ वेगळं, म्हणजे डावीकडे वेगळा विरोध आणि उजवीकडे वेगळा. चांगल्या डॅम्परमध्ये दांडा आरपार असतो किंवा तेलाच्या फरकासाठी वेगळी सोय असते. शिवाय आत हवेचा बुडबुडा राहिला तर मधला भाग पोकळ लागतो. प्रेसला चालतं ते इथे चालत नाही.

बसवून झालं की इंजिन बंद ठेवून हँडल दोन्ही टोकांना न्या. क्लच आणि थ्रॉटलच्या केबल, ब्रेकची नळी, वायरिंग कुठे ताणतंय का बघा. इंजिन चालू करून पुन्हा तेच करा, आरपीएम आपोआप वाढला तर थ्रॉटल केबल ओढली जातेय. मग डॅम्पर सगळ्यात ढिल्या सेटिंगवर ठेवून निघा आणि एकेक क्लिक वाढवा. आपल्या गल्लीत चालण्याच्या वेगात गाडी सरळ धरायला सारखं हँडल दुरुस्त करावं लागलं, किंवा वळणावर गाडी उशिरा आत पडतेय असं वाटलं, की जास्त झालं, दोन क्लिक मागे या. तिलारीच्या घाटातली वळणं त्यासाठी चांगली, तिथे लपत नाही काही. हायवेला लागताना, मागे वजन असेल तर, आणखी ढिला करा.

आणि आपल्या भागातली एक गोष्ट. खानापूरची तांबडी माती दांड्यावर वाळली की सीलला पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं. परत आल्यावर प्रेशर वॉशरचा फवारा थेट सीलवर मारू नका, बादलीभर पाणी आणि ओलं फडकं घेऊन दांडा पुसा. तेलाची ओल दिसायला लागली की सील किट बदला. लिनियर घेताना त्याचं सील किट वेगळं मिळतं का, हे दुकानदाराला आधी विचारा. मिळत नसेल तर तो डॅम्पर घेऊ नका, एका पावसाळ्यात तो रिकामा होईल.