‘हरात्मक’ की ‘सुसंवादी’?

नागपुरातील एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने विचारले आहे, की चंद्रपूर–पडघे या ७५२ किलोमीटर लांबीच्या एकदिश (डीसी) विद्युतवाहिनीविषयी लिहिताना ‘हार्मोनिक्स’ला, म्हणजे मूळ लहरीत मिसळणाऱ्या तिच्या पटीतील लहरींना, ‘सुसंवादी लहरी’ म्हणावे का, आणि त्या शब्दाचे लिंग कोणते.

‘सुसंवादी’ मुळीच म्हणू नये, ‘हरात्मक’ म्हणावे. आमच्या भागातील वायरमन ‘लाइनीत हार्मोन आले’ म्हणतो, ते त्या मानाने क्षम्य आहे. निदान काहीतरी बिघडले आहे, एवढे तरी त्यातून कळते.

कन्व्हर्टरमधील (एसीचे डीसी आणि डीसीचे एसी करणाऱ्या यंत्रणेतील) थायरिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, आळीपाळीने वाहते होत असल्यामुळे प्रत्येक फेजमधला प्रवाह डौलदार लहरीऐवजी चौकोनी तुकड्यांचा होतो, आणि ते तुकडे गणिताने उकलले की ५० हर्ट्‌झच्या मूळ लहरीसोबत तिच्या पटीतील लहरी सापडतात. एका आवर्तनात सहा स्पंद देणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये त्या पाचवी, सातवी, अकरावी, तेरावी अशा असतात. आदर्श स्थितीत पाचवीचा जोर मूळ लहरीच्या १/५, सातवीचा १/७, अकरावीचा १/११ असतो. म्हणजे लहरीचा क्रमांक थेट छेदात जाऊन बसतो, आणि छेदाचे जुने नाव आहे ‘हर’! ‘हृ’ म्हणजे हरण करणे, म्हणून भागणारा तो हर. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ (ख म्हणजे शून्य) म्हटले, ते याच अर्थाने. ‘हरात्मक’ घडवणाऱ्याच्या कानात ‘हार्मोनिक’मधला ‘हर’ही घुमत असावा, असा माझा जुना तर्क आहे, मित्र हसतात, पण मी तो सोडणार नाही.

‘हार्मोनिक’साठी ‘प्रसंवादी’ या शब्दाचा आग्रह धरणाऱ्या कोशप्रेमींनी एकदा तंबोऱ्याची खर्जाची तार छेडावी. जवारी (घोडीवर तार टेकते तिथली घडण) नीट लागली असेल, तर न छेडलेला गांधार तिच्यातून उमटतो; गवई ज्याला स्वयंभू गांधार म्हणतात, तीच ही पाचवी. आता कन्व्हर्टरकडे वळू: सहा स्पंदांचे दोन कन्व्हर्टर एकत्र आणणाऱ्या बारा स्पंदांच्या रचनेत एक ट्रान्सफॉर्मर स्टार-स्टार आणि दुसरा स्टार-डेल्टा (या वेटोळी जोडण्याच्या पद्धती) जोडून ३० अंशांचा फरक साधला, की पाचवी आणि सातवी परस्परांना मारतात, म्हणजे नेमका गांधारच जातो! उरलेल्यांतली पहिली, म्हणजे अकरावी, शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या अधेमध्ये लोंबकळते. जिला जिरवण्यासाठी खास फिल्टर बसवावे लागतात, तिला संवादी कोणत्या तोंडाने म्हणायचे?

लिंगाचे राहिलेच. ‘हरात्मक’ हे विशेषण आहे आणि पुढे ‘लहर’ अध्याहृत आहे, म्हणून ‘अकरावी हरात्मक वाढली’ असे लिहावे.