जनरेटरच्या उष्णतेवर कोल्ड रूम चालवावी का?

प्रश्न : आम्ही दिंडोरी तालुक्यातले अकरा द्राक्ष बागायतदार. गटाचं प्री-कूलिंग आणि कोल्ड रूम आहे. शेजारीच एका सभासदाचा पन्नास गायींचा गोठा आहे. एकाच डिझेल इंजिनावर वीज, गरम पाणी आणि थंडावा मिळतो, कार्बन उत्सर्जनही घटतं, असं विक्रेता सांगतो. संच घ्यावा का?

उत्तर : डिझेलवरचा घेऊ नका.

जनरेटर चालू असताना रेडिएटरच्या तोंडाशी उभे राहून पाहा. अंगावर येणारी झळ म्हणजे तुमचंच डिझेल. लिटरमागे वीज मिळते तीन-साडेतीन युनिट, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीचं त्या झळेत आणि सायलेन्सरवाटे जातं. त्या उष्णतेवर ॲबसॉर्प्शन चिलर, म्हणजे विजेच्या कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर थंडावा करणारं यंत्र, चालतो, इथवर विक्रेत्याचं खरं आहे. पण नेहमीचा लिथियम ब्रोमाइडचा चिलर पाच अंशांच्या खाली सहसा उतरत नाही, आणि द्राक्षाला शून्य ते एक अंश लागतं. म्हणजे कॉम्प्रेसर सुटत नाहीच. अमोनियाचा चिलर शून्याखाली जातो, पण माणसं वावरतात त्या शेडमध्ये गळतीचा धोका पत्करावा असं मला वाटत नाही. शिवाय लिटरभर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महावितरणची वीज असताना इंजिन चालवून फारसं काही घटणार नाही, आणि हंगाम संपला की संच आठ महिने झाकून ठेवावा लागेल.

खरी संधी त्या गोठ्यात आहे, कारण शेण बारमाही आहे. रोज ६०० किलो शेण धरलं तर साधारण २४ घनमीटर गोबरगॅस, म्हणजे पस्तीसेक युनिट वीज मिळेल. त्यावर दुधाचा कूलर चालवा. इंजिनाच्या उष्णतेवर कॅन धुवायला हजारेक लिटर कढत पाणी मिळेल. एवढ्याशा उष्णतेसाठी चिलर लावू नका. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड इंजिन खातो, म्हणून गॅस लोखंडाच्या किसातून गाळूनच इंजिनात सोडा. सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती बघा. निसटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट घातक.

कोल्ड रूमसाठी एक काम उद्याच करता येईल. दुपारी बाराला तोडलेला घड हाताला कोमट लागतो, आणि ती ऊब काढायला कॉम्प्रेसर राबतो. तोडणी सकाळी नऊच्या आत उरका, क्रेट सावलीत ठेवा. पंधरा दिवस मण्याचं तापमान, जनरेटरचे तास आणि डिझेल वहीत लिहा. ती वही घेऊन तालुका कृषी कार्यालयात या, गोबरगॅसचं आकारमान बसून ठरवू.