'मुलगी पटवली' यात फसवणूक येते का?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय की कॉलेजातली मुलं सर्रास 'मुलगी पटवली' म्हणतात, तर त्या शब्दातच फसवणूक आली का, आणि 'मॅनिप्युलेट करणं'ला मराठीत धड शब्द आहे की नाही.

आधी पटवणं बघू. हे 'पटणे'चं प्रयोजक रूप. आता पटणे कसं चालतं, तर 'मला तुझं म्हणणं पटलं', म्हणजे पटतं ते म्हणणं आणि ज्याला पटतं तो 'ला' लावून बाजूला बसलेला, डोकं त्याचं, निर्णय त्याचा. 'पटवून देणे'मध्येही तेच, मी तिला मुद्दा पटवून दिला तरी ती 'नाही पटत बुवा' म्हणायला मोकळी. पण 'पोरगी पटवली' म्हटलं की ती 'तिला'वाली जागाच गायब आणि मुद्द्याच्या खुर्चीत पोरगीच जाऊन बसली. कुणाला काय पटलं हे वाक्यात शोधून सापडत नाही! पूर्वी व्यापारात हुंडी पटायची, म्हणजे तिचे पैसे हातात पडायचे (आपण आता चेक वटवतो), मला हे पटवणं त्या हुंडीच्या जास्त जवळचं वाटतं. हिंदीतल्या 'पटाना'चा हात आहेच, आपल्याकडे दोन्ही भाषा एकाच डब्यात लटकून जातात.

म्हणजे शब्द खोटेपणाचा नाही, फक्त त्यात समोरच्याला मत नाही. 'सूत जुळलं' म्हणा, फरक लगेच कळेल, तिथे जुळवणारा कुणीच नाही.

फसवणं कुठे सुरू होतं ते मला ठाण्याहून पनवेल लोकल पकडली होती तेव्हा नीट कळलं. दारातला एक पोरगा फोनवर, 'पटली रे, पण पुढच्या महिन्यात मी दुबईला चाललोय ते सांगितलं नाहीये, कशाला उगाच', आणि घणसोलीला उतरला पण. आता त्या मुलीला पटलंय ते काहीतरी वेगळंच, खरी गोष्ट तिच्यासमोर आलीच नाही. फसणे म्हणजे मुळात रुतणं, चिखलात गाडी फसते तसं. आत जाताना कळत नाही, बाहेर पडायला गेलं की कळतं.

पेपरात येतं 'लग्नाचे आमिष दाखवून'. आमिष म्हणजे संस्कृतात मांस, म्हणूनच शाकाहाराला निरामिष. गळाला लावायचा तुकडाच तो. (गळ घालणं वेगळं हां, ती नुसती विनवणी, कितीही कटकट झाली तरी उघडउघड.) कायद्यातही हे आलंय, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये, लग्न करायचं मनातच नसताना तसं वचन देऊन बाईशी शरीरसंबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि नोकरी-बढतीचं खोटं आश्वासन किंवा ओळख लपवून केलेलं लग्न हेही तिथे कपटातच धरलंय. नंतर खरंच बिनसलं तर ते यात बसत नाही, वचन देतानाच खोटं असावं लागतं.

राहिलं मॅनिप्युलेट. सगळ्याला पुरेल असा एक शब्द मला सापडत नाही आणि तो हवाच असंही नाही, कारण आपल्याकडे प्रत्येक चालीला वेगळा आहे. दिवसाला पन्नास मेसेज टाकून कौतुकच कौतुक, ते हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. हो पण नाही आणि नाही पण नाही, ते झुलवत ठेवणं, आमच्या नाक्यावर त्याला घुमवणं म्हणतात. मैत्रिणींपासून हळूहळू तोडणं, 'त्या तुझं वाईट चिंततात' वगैरे, ते कान भरणं. 'तूच तसं बोललीस, आठवत नाही का' असं सारखं ऐकवून तिचाच स्वतःवरचा विश्वास उडवायचा, याला मात्र मराठीत पटकन शब्द सुचत नाही, 'वेड्यात काढणं' जवळ जातं पण ते चेष्टेतही चालतं.

आणि ताई, हल्ली मुलीही 'पोरगा पटवला' म्हणतात, व्याकरण तेच. माझी भाची तर सुट्टीसाठी बॉस पटवते, दर दिवाळीला.