उमेदवार वकील आहे, तुमचा वकील नाही

मी टेक्सासमध्ये इमिग्रेशनची वकिली करते. काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) राजकारणाशी माझा संबंध नाही. पण दोन वर्षांनी एकदा गणपतीत उमेदवार मंडळाच्या हॉलमध्ये येतात, आरतीला टाळ्या वाजवतात, मोदकाला 'डंपलिंग' म्हणतात आणि दुसऱ्या दिवसापासून माझा इनबॉक्स भरायला लागतो. यंदाच्या पाहुण्यांच्या पत्रकावर ठळक अक्षरांत 'कॉन्झर्व्हेटिव्ह ॲटर्नी' (परंपरावादी विचारांचा वकील) असं छापलेलं होतं. ते काउंटी जजच्या जागेसाठी उभे आहेत. तेच ते प्रश्न पंधरा जणांना वेगवेगळे लिहिण्यापेक्षा एकदाच लिहिते.

काउंटी जज म्हणजे न्यायाधीशच ना? मग वकील उमेदवार केव्हाही बरा, नाही का?

नावावर जाऊ नका. टेक्सासमधला काउंटी जज हा आपल्याकडच्या जिल्हा परिषद अध्यक्षासारखा कारभारी. तो आणि चार कमिशनर मिळून जी सभा होते तिला 'कमिशनर्स कोर्ट' म्हणतात, पण तिथे बजेट, रस्ते, तुरुंगाचा खर्च आणि काउंटीच्या कराचा दर ठरतो. हरिकेन आलं की घरं सोडा म्हणून सांगणाराही हाच. लहान काउंट्यांत तो थोडंफार न्यायदान करतो, मोठ्यांत जवळपास नाहीच. त्याला 'कायद्याची चांगली माहिती' असावी एवढंच टेक्सासची राज्यघटना म्हणते. वकिलीची सनद लागत नाही. ती लागते काउंटी ॲटर्नीला, डिस्ट्रिक्ट ॲटर्नीला आणि डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या न्यायाधीशाला. तुमचे पाहुणे वकील आहेत ही चांगली गोष्ट, पण त्यांना बजेट वाचता येतं का ते विचारा. 'कॉन्झर्व्हेटिव्ह' हा शब्द प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या आधीच्या फेरीच्या, मतदारांसाठी असतो. खड्डा बुजवायला तो लागत नाही.

मार्चमध्ये रिपब्लिकन प्रायमरीत मत दिलं. आता नोव्हेंबरमध्ये त्याच पक्षाला द्यावं लागेल का?

नाही.

त्यांनी भाषणात प्रॉपर्टी टॅक्स निम्मा करू असं सांगितलं. शक्य आहे का?

तुमचं बिल काढा आणि ओळीओळीने वाचा. बहुतेक घरांत सगळ्यात मोठी रक्कम शाळेची असते. ती स्कूल डिस्ट्रिक्ट ठरवतं. घराची किंमत ॲप्रेझल डिस्ट्रिक्ट ठरवतं. काउंटी जजच्या हातात उरते ती काउंटीची ओळ, आणि तीही पाचांतल्या एका मताने. निम्मं कशाचं, हे त्यांना पुढच्या सभेत उभं राहून विचारा.

याच पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की होमस्टेड एक्झेम्प्शन (राहत्या घराला मिळणारी करसवलत) 'करून देणाऱ्या' एका कंपनीचं सरकारी दिसणारं पत्र आलं आणि तुम्ही पैसे भरले. कशाला भरलेत? तो अर्ज ॲप्रेझल डिस्ट्रिक्टकडे फुकट करता येतो. शाळेच्या करासाठी घराच्या किमतीतून आता 1,40,000 डॉलर वजा होतात; नोव्हेंबर 2025 च्या मतदानात ते मंजूर झालं. पाकिटावर गरुड छापला म्हणून पत्र सरकारी होत नाही. पैसे परत मिळतील का, हे पत्र आणि पावती बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. कंझ्युमरची कामं करणाऱ्या वकिलाला दाखवा.

मी एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे. त्यांच्या डिनरचं 250 डॉलरचं तिकीट काढू का? नाहीतर सिटिझन मुलीच्या नावाने चेक देतो.

दोन्ही नाही. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाने फेडरल, राज्य किंवा स्थानिक, कुठल्याच निवडणुकीला पैसे द्यायचे नाहीत, आणि डिनरचं तिकीट म्हणजे देणगीच. मुलीच्या नावाने तुमचे पैसे देणं हा वेगळा गुन्हा, त्यात तुम्ही मुलीलाही ओढाल. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी देता येते. रोख मात्र हिशेबाच्या एका कालावधीत 100 डॉलरच्या वर उमेदवाराला घेता येत नाही, आणि कॉर्पोरेशनचा चेक तर नाहीच. धंदा असेल तर त्याची नोंदणी कशी आहे त्यावर पुढचं अवलंबून, म्हणून आधी सीपीएला (परवानाधारक हिशेबनीसाला) विचारा. पैसे न घेता फोन करणं, दारोदार पत्रकं वाटणं निवडणूक कायद्याला चालतं. तुमच्या व्हिसाला ते चालतं का, ते तुमच्या वकिलाला विचारा.

ग्रीन कार्ड आहे. दुकानाबाहेर टेबल लावून मतदार नोंदणी चालू होती, मी फॉर्म भरला. लोकल निवडणुकीत आपल्याला मत देता येतं असं ग्रुपवर वाचलं होतं. बरोबर ना?

नाही! हे उत्तर जरा लांब होणार आहे, बसून वाचा.

आधी त्या ग्रुपबद्दल. अफवेला मूळ आहे: मेरीलँडमधली काही गावं, सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाची निवडणूक अशा मोजक्या ठिकाणी नागरिक नसलेल्यांना मत देता येतं. कुणीतरी ती बातमी पुढे ढकलली, ठिकाण गळलं आणि ह्यूस्टनमध्ये पोचेपर्यंत तिचा नियम झाला. टेक्सासमध्ये काउंटीच काय, शाळेच्या बाँडलाही (कर्ज काढायच्या मतदानालाही) सिटिझन असल्याशिवाय मत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये तर ते राज्यघटनेतही स्पष्ट लिहून झालं.

आता तो फॉर्म. वरच प्रश्न असतो: तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? हो किंवा नाही. माणूस मेथीची जुडी काखेत धरून उभा असतो, पोर गाडीकडे ओढत असतं, टेबलापलीकडची मुलगी हसून म्हणते, पटकन होईल. तो 'हो'वर खूण करतो. तीन सेकंदांचं काम. आपण नागरिक असल्याचा खोटा दावा 30 सप्टेंबर 1996 ला किंवा त्यानंतर केला असेल, तर इमिग्रेशन कायद्यात त्याने देशाबाहेर काढता येतं आणि परत येण्याची वाटही बंद होऊ शकते. त्यातला अपवाद इतका अरुंद आहे (आईवडील दोघेही नागरिक, स्वतः सोळाच्या आत इथे स्थायिक, आणि आपण नागरिकच आहोत असा प्रामाणिक समज) की चाळिशीत पुण्याहून आलेला माणूस त्यात बसतच नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसेस मी निभावून नेल्या आहेत. या एका खुणेपुढे हात टेकलेत.

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. मतदार कार्ड पोस्टाने आलं, ते त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं. मत कधी दिलं नाही. चार वर्षांनी सिटिझनशिपचा अर्ज केला. त्या अर्जात सरळ विचारतात, कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंय का? त्यांनी 'नाही' लिहिलं, कारण खरोखर विसरले होते. अधिकाऱ्याने त्यांच्याच सहीचा फॉर्म समोर सरकवला. म्हणजे एका खुणेवर दुसरी खोटी खूण.

तुम्ही काय करायचं? मत देऊ नका, हे पहिलं. फॉर्ममध्ये 'हो' केलंत की 'नाही', की जागा रिकामी सोडलीत, हे आठवून आज कागदावर लिहून ठेवा. सगळं त्यावर फिरतं. नाव रद्द करायचं पत्र ग्रुपवरचा नमुना उतरवून पाठवू नका, त्यातलं एक वाक्य तुमच्यावर उलटू शकतं. पत्र इमिग्रेशन वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्या, आणि याच आठवड्यात. प्रवास, ग्रीन कार्ड रिन्यूअल, सिटिझनशिपचा अर्ज, तोपर्यंत काहीही नको. 'निवडणूक झाल्यावर बघू' म्हणणारे मला जानेवारीत भेटतात.

ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसातही हाच प्रश्न विचारतात. तिथेही उत्तर 'नाही'.

मंडळाने त्यांना पाठिंबा जाहीर करावा का? कमिटीत दोन गट पडलेत.

मंडळ 501(सी)(3), म्हणजे करमाफी असलेली ना-नफा संस्था, असेल तर नाही. करमाफी जाईल आणि मग दोन्ही गट एक होतील. सगळ्या उमेदवारांना सारखं बोलवायचं असेल तर पत्रिका छापायच्या आधी सीपीएशी बोला.

एचओएने (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेने) अंगणातला प्रचाराचा फलक काढायला सांगितलं.

मतदानाआधी 90 दिवस ते नंतर 10 दिवस, उमेदवारामागे एक फलक त्यांना अडवता येत नाही. आकार आणि जागेचे नियम मात्र असतात, आधी ते वाचा.

हेच उमेदवार माझ्या घराच्या व्यवहाराचे वकील आहेत. निवडून आले तर माझं काम लवकर होईल असं त्यांचा माणूस म्हणाला.

त्या माणसाचं बोलणं सोडा, आणि तसं पुन्हा म्हणाला तर लेखी मागा, देणार नाही. तुम्हाला हवंय ते वेगळंच: ते निवडून आले तर फाइल कोण सांभाळणार, हे आत्ताच ईमेलवर विचारून घ्या. फाइल तुमची असते आणि न केलेल्या कामाची आगाऊ फी परत मिळायला हवी. स्टेट बार ऑफ टेक्सासच्या साइटवर कुठल्याही वकिलावर जाहीर शिस्तभंगाची कारवाई झालीय का ते दिसतं. पाच मिनिटं लागतात. उत्तर गोलमोल आलं तर दुसऱ्या वकिलाचा सल्ला घ्या.

मतदानाला त्यांचा टी-शर्ट घालून गेलं तर चालेल का?

केंद्रापासून 100 फुटांच्या आत चालत नाही. वर जॅकेट चढवा, आणि फोन खिशातच ठेवा.