लेकराने लुगडे नेसले म्हणून

“पोराने भारुडात लुगडे नेसून सोंग घेतले, आता त्याचे पुढे कसे होणार, सर?” हा प्रश्न शब्द बदलून, पण त्याच धास्तावलेल्या आवाजात, परभणीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत अनेक पालकांनी विचारला आहे. त्यांपैकी एका कुटुंबाची हकिकत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देतो.

वडील एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले आणि मुलगा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. महाविद्यालयाच्या भारुडात त्याने सासुरवासाला वैतागलेल्या सुनेचे सोंग घेतले होते. त्याचा व्हिडिओ भावकीतल्या कोणीतरी मोबाइलवर फिरवला आणि तेव्हापासून वडिलांनी त्याच्याशी बोलणे टाकले होते.

मुलाशी मी स्वतंत्रपणे बोललो. त्याने जे सांगितले ते त्याच्यापाशीच राहील. वडिलांना मी एवढेच समजावले की सोंग घेणे, स्वतःला पुरुष किंवा स्त्री मानणे आणि कोणाविषयी ओढ वाटणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, लुगड्यामुळे त्यांतली एकही माणसाला जडत नाही, आणि समलिंगी ओढसुद्धा आजार नसल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये ती आजारांच्या यादीतून काढून टाकली. पैठणच्या नाथांनी कितीतरी भारुडे बाईच्या तोंडी घातली आणि गावोगावी ती पुरुषांनीच लुगडे नेसून सादर केली, याचीही आठवण करून दिली. ते म्हणाले, “ते देवाचं काम आहे, सर. मला लोकांना तोंड कसं दाखवू ते सांगा.”

त्यांच्या या उत्तरावरून माझ्या लक्षात आले की प्रश्न मुलाच्या सोंगाचा नसून वडिलांच्या लाजेचा आहे, आणि लाजेशी युक्तिवाद करता येत नाही. म्हणून पुढच्या भेटीत मी त्यांच्याबरोबर बसून ‘फ्लॉलेस’ हा १९९९ चा इंग्रजी चित्रपट पाहिला आणि जिथे अडेल तिथे थांबवून मराठीत सांगत गेलो.

जोएल शूमाकर यांनी लिहून दिग्दर्शित केलेला हा चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही आणि आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊकही नाही. न्यूयॉर्कच्या एका जुनाट इमारतीत वॉल्ट नावाचा ताठ, मानी सुरक्षारक्षक राहतो. त्याच इमारतीत रस्टी राहतो, जो बाईचा भडक साजशृंगार करून रंगमंचावर गातो, म्हणजे ज्याला तिकडे ड्रॅग म्हणतात तो खेळ करतो. दोघांचे एकमेकांना शिव्या देण्यापलीकडे नाते नसते. मग वॉल्टला पक्षाघात होतो, बोलणे अडखळते, आणि उपचार म्हणून गाणे शिकण्याचा सल्ला मिळतो. अशा अवस्थेत लोकांत जायची लाज वाटते, तेव्हा ज्याची आजवर टिंगल केली त्या रस्टीकडेच त्याला जावे लागते. वॉल्टचे काम रॉबर्ट डी नीरो यांनी केले आहे आणि रस्टीचे फिलिप सिमोर हॉफमन यांनी, ज्यांना पुढे ‘कपोटी’साठी ऑस्कर मिळाले. चोरलेल्या पैशांमागे लागलेल्या गुंडांचे उपकथानक मला ठिगळासारखे वाटते, शिव्याही भरपूर आहेत. पण पियानोपाशी बसलेल्या त्या दोघांच्या प्रसंगांसाठी हा चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहतो. हॉफमन रस्टीला हास्याचा विषय होऊ देत नाहीत; आपण हसतो ते त्याच्या जिभेच्या धारेला, त्याच्या कपड्यांना नव्हे. रस्टीला मनापासून बाई व्हायचे आहे, त्यासाठी तो पैसे साठवतो, आणि प्रत्येक सोंग घेणाऱ्याचे तसे नसते, हेही मी वडिलांना स्पष्ट सांगितले.

वॉल्ट घराबाहेर पडेनासा होतो तिथे वडिलांनी हात वर करून मला थांबवायला सांगितले. “आमचे दादा असेच ओसरीवरसुद्धा येत नव्हते,” ते म्हणाले. थोरल्या भावाला अर्धांगवायू झाला होता. पाणी हवे असले तरी त्यांना मागता येत नसे, मात्र संध्याकाळी कोणी हरिपाठ सुरू केला की दादांच्या तोंडून ओळी फुटत. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते आणि सूर-तालाच्या कामात उजवा भागही असतो, म्हणून असे होऊ शकते, हे मी सांगितले. “मग त्यांना गाणं शिकवायला कुणी यायला पाहिजे होतं,” असे म्हणून ते बराच वेळ गप्प राहिले. उरलेला चित्रपट त्यांनी एकदाही न थांबवता पाहिला, आणि रस्टीच्या कपड्यांविषयी अवाक्षरही काढले नाही.

आठवड्याने बापलेक दोघेही आले. वडिलांनी, समोरच्या टेबलाकडे पाहत, पण मुलाला उद्देशून, विचारले, “एवढा नाचलास, तरी कासोटा सुटला नाही. घालून कुणी दिला होता?”

“आजीनं,” मुलगा म्हणाला.

“तिला सांग,” वडील म्हणाले, “डाव्या अंगाला घोळ जरा जास्त झाला होता.”