ऐकणाऱ्यांचे प्रश्न: 'मसाया'वर नाचलेलं चालतं का?

प्रश्न: मी वसईची, चर्चच्या कॉयरमधे गेली बावीस वर्षं ऑल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. ख्रिसमसला संगीतकार हँडेलच्या 'मसाया' या येशूवरच्या रचनेतले दोन-तीन कोरस, म्हणजे समूहगीतं, आम्ही दरवर्षी बसवतो. मुलगी व्हिएन्नाला असते, तिने तिथल्या 'थिएटर आन डेर वीन'मधल्या 'मसाया'चा व्हिडिओ पाठवला. सुरुवातच मुळी अंत्यविधीने, सगळे सुटाबुटात, एक माणूस तोंडातून अवाक्षर न काढता नुसता नाचतोय आणि एक बाई हातवारे करतेय! मी अर्ध्यात बंद केला. बायबलच्या ओळींवर हे असलं करायची परवानगी देतं कोण? मुलगी म्हणते मी जुनाट आहे.

उत्तर: ताई, तुमची तक्रार मात्र जुनी आहे हं, अगदी हँडेलच्या काळातली. १७३२ साली त्याचं बायबलमधल्या गोष्टीवरचं 'एस्थर' लंडनच्या ऑपेरा थिएटरमधे करायचं घाटत होतं तेव्हा लंडनचे बिशप गिब्सन आडवे आले, चर्चची गाणारी पोरं वेष घालून थिएटरात उभी राहणार नाहीत म्हणाले. मग जाहिरातीत लिहावं लागलं की रंगमंचावर अभिनय होणार नाही. आपण आज कॉयरने वह्या धरून सरळ रांगेत उभं राहायला पावित्र्य म्हणतो ना, त्यात निम्मी तरी ही तडजोड आहे असं माझं मत.

आणि 'मसाया' चर्चमधे जन्मलाच नाही. पहिला प्रयोग डब्लिनच्या फिशॅम्बल स्ट्रीटवरच्या म्युझिक हॉलमधे झाला, १३ एप्रिल १७४२ला. गर्दी एवढी होणार होती की बायकांनी घागऱ्याखालचे फुगवटे घालून येऊ नये आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात अशी विनंती छापली, म्हणजे जास्त माणसं बसतील. सातशेच्या आसपास लोक मावले. पैसे गेले कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना आणि दोन हॉस्पिटलांना. गाणाऱ्यांत सुझॅना सिबर होती, नाटकातली नटी, जिच्या खाजगी भानगडीचा खटला लंडनभर चघळला गेला होता. पुढच्या वर्षी लंडनला कॉव्हेंट गार्डन थिएटरमधे प्रयोग लागला तर वर्तमानपत्रात पत्र आलं की नाटकघर ही देवाच्या शब्दाची जागा आहे का, म्हणजे तुमचंच पत्र. हँडेलने तर जाहिरातीत 'मसाया' हे नावसुद्धा घातलं नव्हतं, नुसतं 'नवा पवित्र ऑरेटोरिओ', म्हणजे अभिनयाविना गायची मोठी रचना. लंडनमधे देवळाचं छप्पर त्याला मिळालं १७५०मधे, तेही अनाथ मुलांच्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या चॅपलमधे. त्यामुळे परवानगीचं म्हणाल तर चर्चमधे काय व्हावं ते फादर ठरवतील, थिएटरात ती कुणाकडे मागायची?

आता व्हिएन्नाचा प्रयोग. २००९चा, हँडेलला जाऊन २५० वर्षं झाली म्हणून क्लाउस गुथ या दिग्दर्शकाने बसवलेला. अडचण समजून घ्या. 'मसाया'त पात्रं नाहीत, संवाद नाहीत, चार्ल्स जेनेन्सने बायबलमधल्या ओळी निवडून एकापुढे एक लावल्यात. रंगमंचावर आणायचं तर गोष्ट बाहेरूनच आणावी लागते. गुथने एक घर आणलं, त्या घरातल्या माणसाने आत्महत्या केलीय आणि मागे राहिलेले एकमेकांच्या नजरा चुकवतायत. तुम्ही ज्याला मुका नाचणारा म्हणताय ना, तोच तो गेलेला माणूस. सगळे गातायत आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय त्याच्याकडे आवाजच उरलेला नाही, फक्त अंग आहे. हे कळल्यावर मी व्हिडिओ परत पहिल्यापासून बघितला. त्या बाईचे हातवारे म्हणजे खुणांची भाषा. भोवती एवढा मोठा कोरस उसळतोय आणि ती आपली शांतपणे छातीपासून बोटं उघडत जाते, मला तर एका जागी कान बंद करून तिच्याकडेच बघावंसं वाटलं. सगळंच जमलंय असं नाही बरं का, फिरता रंगमंच इतक्यांदा फिरतो की दारं-कॉरिडॉर बघून डोकं गरगरतं.

थिएटर म्हणाल तर तेही काही सोवळं नाही. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेराचे शब्द लिहिणाऱ्या आणि त्यात स्वतः पापागेनो हा पक्षी पकडणारा झालेल्या शिकानेडरने १८०१मधे ते उघडलं, पापागेनोच्या वेषातला त्याचा पुतळा अजून दरवाजावर आहे. बेथोवेनचा 'फिडेलिओ' हा ऑपेरा पहिल्यांदा तिथेच झाला, आणि मधली कित्येक वर्षं तिथे म्युझिकल्स चालायची.

आणि आपल्याकडे कीर्तनकार चिपळ्या घेऊन दोन पावलं नाचला तर कुणी परवानगी विचारत नाही, रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती मंडळींना भजन-कीर्तनाकडे वळवलं तेही याच मातीत. मुलीला सांगा आई जुनाट नाही, पण उरलेला अर्धा व्हिडिओ बघायचा राहिलाय.

प्रश्न: मी भरतनाट्यम शिकते, कॉलेजच्या कॉयरबरोबर 'मसाया'तला एक कोरस नाचून करायचाय. कॉयरनेही थोडं हलावं असं मला वाटतं पण त्यांचे सर ऐकेनात. कोणता कोरस घेऊ?

उत्तर: सरांचं बरोबर आहे गं. मी पूर्वी टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, गायचो, एकदा आम्हाला 'फॉर अंटू अस' हा 'आमच्यासाठी बाळ जन्मलं' म्हणणारा कोरस चालत म्हणायला लावलं. त्यातल्या 'बॉर्न' या एका शब्दावर जी लांबलचक तान आहे ती चार पावलांत फुटली, श्वास अर्ध्यात संपला, कंडक्टर खांबाआड गेला आणि खालच्या आवाजातले बेसवाले एक मात्रा पुढे. कॉयर हलवायचाच असेल तर आधी पाठांतर पक्कं हवं आणि चालणं फक्त त्यांच्या विश्रांतीच्या मात्रांत.

कोरस मात्र हाच घे. कारण ही चाल हँडेलने काही आठवडे आधीच एका इटालियन प्रेमाच्या द्वंद्वगीतासाठी केली होती, शब्द होते, 'नाही, तुझ्यावर मी विश्वास ठेवणार नाही'. तीच पुढे येशूच्या जन्माला लावली! तिच्यात नखरा आहेच, तुला वेगळा आणावा लागणार नाही. आणि शब्द आला की मुद्रा, असं करू नकोस, बाळ म्हटलं की लगेच पाळणा हलवायचा, ते शाळेचं गॅदरिंग होतं. नुसता नाच हवा असेल तर त्याआधी 'पिफा' घे, 'मसाया'तलीच मेंढपाळांच्या वाद्यांसारखी धून, १२/८ तालातली, कोरस नाही त्यात. दोन बासऱ्या नि तंबोरा असला तरी बरा वाजेल.

प्रश्न: 'मसाया'तल्या 'हालेलुया' कोरसला उभं राहायलाच हवं का? राजा उभा राहिला होता ना?

उत्तर: इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज उभा राहिला हे त्या वेळी कुणी लिहून ठेवलेलं नाही, ही गोष्ट येते १७८०च्या एका पत्रात, तीही ऐकीव. वाटलं तर उभे राहा, फक्त मागच्या रांगेत लहान मुलं नाहीत ना ते बघा.